घडीव लोखंडी वेलीवर दर वर्षी त्याच जागी गंज का येतो

वेंगुर्ले तालुक्यात समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर असलेल्या एका कौलारू घराच्या पडवीसाठी मी सात वर्षांपूर्वी मिरवेलीचा कठडा घडवून दिला होता. सुपारीच्या खोडाला धरून चढते तशी वेल, रुंद हृदयाकार पाने आणि मधूनमधून लोंबणारे मिरीचे घोस असे ते काम होते. पहिल्या पावसाळ्यानंतर काही पानांच्या देठांपाशी तपकिरी ओघळ दिसू लागले. घरच्यांनी ते खरवडून वर लाल प्रायमर आणि हिरवे एनॅमल मारून घेतले. पुढच्या वर्षी ओघळ पुन्हा आले, आणि तेही त्याच पानांवर. तिसऱ्या वर्षी रंगाची कंपनी बदलली, चौथ्या वर्षी रंगारी बदलला, आणि पाचव्या वर्षी घरातल्या काकूंनी मला बोलावून विचारले, “रंग तर चांगलो मारलो, मगे पानां रडतत कित्याक?”

काकूंच्या प्रश्नातच निम्मे उत्तर होते. पाने रडत होती, सरळ गज मात्र रडत नव्हते. रंग निकृष्ट असता तर गंज कुठेही, कसाही आला असता. तो वर्षानुवर्षे ठरलेल्या जागीच येत असेल, तर त्या जागेच्या घडणीत पाणी किंवा मीठ धरून ठेवणारे काहीतरी आहे असे समजावे, आणि रंगाचा डबा उघडण्याआधी ते शोधावे. त्या कठड्यात ते मीच ठेवून दिले होते. म्हणून या लेखातली बरीचशी दुरुस्ती माझ्या स्वतःच्या चुकांची आहे.

तपासणीची सुरुवात तांब्याभर पाण्याने करावी. कोरड्या दिवशी सकाळी कामावर वरून पाणी ओतावे, अर्ध्या तासाने परत यावे आणि अजून ओल्या असलेल्या प्रत्येक जागी खडूने खूण करावी. त्या कठड्यावर ४६ पाने होती आणि त्यांतल्या १९ पानांच्या पोटात पाणी तसेच उभे होते. रडणारी जवळजवळ सगळी पाने या १९ मध्येच होती. हा प्रयोग मी काम देण्यापूर्वी केला असता तर काकूंचे चार वर्षांचे रंगाचे पैसे वाचले असते.

मिरवेलीचे खरे पान पाणी साठवत नाही. ते देठापाशी थोडे उचललेले असते, पुढे कललेले असते आणि त्याचे निमुळते टोक खाली झुकलेले असते, त्यामुळे आषाढातला धो धो पाऊससुद्धा त्याच्यावरून टोकाकडे घरंगळून जातो. भट्टीवर पान घडवताना आपण ते ऐरणीच्या खळग्यात किंवा लाकडाच्या ओंडक्यावर ठोकून खोलगट करतो, कारण खोलगट पान जिवंत दिसते, आणि मग ते वेलीवर बसवताना त्याची दर्शनी बाजू पाहणाऱ्याकडे, म्हणजे वर, वळवतो. फोटोत ते सुंदर दिसते, पण पावसात त्याची वाटी होते. निसर्गातला आकार घ्यायचा असेल तर त्याचा कल आणि टोकही घ्यावे लागते. मी फक्त बाह्यरेषा घेतली होती.

गंजाची जागा काय सांगते

पानाच्या पोटात गंज असेल तर दोष वाटीचा. देठ आणि वेल यांच्या सांध्यातून बारीक ओघळ येत असेल आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसत असेल, तर दोष फटीचा, आणि हा प्रकार अधिक चिवट आहे. सांध्याला सभोवार वेल्डिंग न करता दोन टाके देऊन भागवले की मधे केसाएवढी फट राहते. तिच्यात शिरलेले पाणी लवकर सुकत नाही आणि त्यातला प्राणवायू लवकर संपतो. बाहेरच्या ओल्या पृष्ठभागाला मात्र प्राणवायू भरपूर मिळत राहतो. या फरकामुळे फटीतले लोखंड विरघळू लागते, मिठातले क्लोराइड आत ओढले जाते, आतले पाणी आम्लधर्मी होते आणि गंजण्याचा वेग आणखी वाढतो. हे सर्व रंगाच्या आड चालते. वरून कितीही हात मारले तरी ब्रशचे केस त्या फटीत शिरत नाहीत, उलट रंग तिचे तोंड बुजवून आतले ओल आणि मीठ आतच कोंडतो. दोन वेली एकमेकींना पीळ घालून जातात ती जागा आणि दोन गज एकत्र बांधणाऱ्या कड्याच्या आतली बाजू, ही याच रोगाची आणखी दोन ठिकाणे आहेत.

रंगाचे मोठे पोपडे निघून खाली गुळगुळीत निळसर काळा थर दिसत असेल, तर तो कारखान्यातून सळईबरोबर आलेला किंवा आपल्याच भट्टीत धरलेला काळा पापुद्रा आहे. लालबुंद लोखंड हवेत आले की त्याच्यावर ऑक्साइडचे थर चढतात. थंड झाल्यावर ते घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण ठिसूळ असल्यामुळे उन्हातान्हात तडकतात, आणि तडकलेल्या जागी उघडे पडलेले लोखंड शेजारच्या पापुद्र्यापेक्षा आधी झिजते. काही ग्राहकांना हा काळा रंग आवडतो आणि त्यावर पारदर्शक लाखेचा हात मारून मागतात. माजघरातल्या दिव्याच्या लामणीला ते चालते, पण समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत ते एक हंगामही टिकत नाही.

पानांच्या कडांवर आणि शिरांच्या खाचांत बारीक रेषेसारखा गंज येतो, त्याचे कारण साधे आहे. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो, त्यामुळे सपाटीवर तो पुरेसा जाड असला तरी कडेवर नावापुरताच राहतो. शिरा पाडताना मी पूर्वी धारदार छिन्नी वापरत असे. तिने पडणारी अरुंद खाच रंगाला पोहोचू देत नाही आणि मीठ मात्र सांभाळून ठेवते. आता मी छिन्नीचे तोंड घासून बोथट आणि गोल केले आहे. शिर थोडी रुंद आणि मऊ दिसते, आणि माझ्या मते मिरवेलीच्या पानाला तीच अधिक शोभते.

राहिला पाया. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाळाभर पाणी धरून ठेवतो. त्याला भोक पाडून कठड्याचा पाय आत घातला आणि सिमेंटने बुजवला की सिमेंटमधले लोखंड बराच काळ नीट राहते, पण जिथे ते सिमेंटमधून बाहेर हवेत येते ती बोटभर जागा सर्वात आधी जाते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा लागते, म्हणून कालांतराने चिराही उकलतो. चिऱ्याला आलेली उभी भेग पाहून गवंड्याला दोष देण्याआधी त्या भेगेच्या मुळाशी लोखंड आहे का ते पाहावे.

पाऊस न लागणारी बाजू

त्या कठड्याची एक गोष्ट मला बराच काळ कोड्यात टाकत होती. पागोळ्यांच्या बाहेरची, पावसात सरळ भिजणारी फाटकाजवळची पाने पडवीच्या आतल्या, कौलांच्या छायेतल्या पानांपेक्षा चांगली होती. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, म्हणून गंजाचा सगळा दोष आपण पावसाला देतो. पण ऑक्टोबरपासून मेपर्यंत दुपारचे खारे वारे लाटांच्या तुषारांतले मीठ घरावर आणून टाकत असतात. उघड्यावरचे मीठ पहिल्या पावसात धुऊन जाते, छायेतले मात्र तिथेच साठत राहते. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळते. आगोटीच्या दिवसांत बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. आपल्याकडे कित्येक पहाटे आर्द्रता या मर्यादेच्या वर असते, त्यामुळे पावसाचा एक थेंब न लागताही छायेतले लोखंड रोज काही तास खाऱ्या पाण्याने ओले राहते.

उपाय इतका साधा आहे की लोकांना तो पटत नाही. पाऊस थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत दर आठवड्याला किंवा निदान पंधरवड्याला पडवीच्या आतले लोखंडकाम गोड्या पाण्याने धुवावे, आणि त्यातही पानांची खालची बाजू विसरू नये. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. तसे पाणी या कामाला घेऊ नये.

मीठ आणखी दोन वाटांनी येते आणि दोन्ही आपणच उघडतो. गंज घासण्यासाठी किनाऱ्यावरची वाळू वापरणे ही पहिली वाट. दुसरी वाट म्हणजे गंज झटपट उतरवण्यासाठी फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड लावणे. ॲसिडने लोखंड तासाभरात चकचकीत होते, रंगारी खूश होतो, आणि सांध्यांत शिरलेले क्लोराइड पुढच्या पावसाची वाट पाहत बसते. आम्ल वापरायचेच असेल तर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक वापरावे, किंवा सुटी पाने साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावीत, आणि नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुवावीत.

दुरुस्ती

पाणी धरणाऱ्या १९ पानांपैकी १३ पाने मी जागेवरच गॅसच्या ज्योतीने देठापाशी लाल करून खाली झुकवली. पोलाद लाल असताना सहज वळते आणि काळपट पडू लागले की हट्ट धरते. तेव्हा जोर केला तर देठ तडकतो. जुन्या रंगावर ज्योत लावण्याआधी तो त्या भागातून पूर्ण काढून टाकावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या घरांत हा रंग कोरडा घासू नये आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. झुकवता न येणाऱ्या पाच पानांना सर्वात खोल बिंदूवर ८ मिलिमीटरचे भोक पाडून त्याच्या कडा गोल केल्या. याहून लहान भोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो आणि ते भोक असून नसल्यासारखे होते. एकोणिसाव्या पानाबद्दल पुढे सांगतो.

सांध्यांचे काम अधिक वेळखाऊ होते. टाके कापले, दोन्ही बाजू घासून लोखंड उघडे केले, सभोवार अखंड वेल्डिंग केले आणि कोपऱ्याला बोटाने फिरवता येईल अशी गोलाई दिली. वेल्डिंगवरची काचेसारखी साय ठोकून पूर्ण काढावी आणि उडालेले मणी घासून टाकावेत, कारण रंग त्यांच्यावर बसतो आणि त्यांच्यासकट निघतो. पिळाच्या ज्या जागी रॉड पोहोचत नव्हता तिथे आतले सर्व धुऊन, गरम हवेने वाळवून, फट इपॉक्सीच्या, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेच्या, लांबीने भरली. ओल्या फटीत लांबी भरणे म्हणजे गंजाला घर बांधून देणे आहे. कठड्याचे पाय चिऱ्याच्या वर कापून त्यांना जाड तळपट्ट्या जोडल्या आणि त्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांवर जोत्यापासून इंचभर उचलून बसवल्या, म्हणजे खालून पाणी आणि वारा दोन्ही जातात.

यानंतर धुण्याची पायरी येते आणि तीच बहुतेक जण गाळतात. घासून चकचकीत केलेले लोखंड गरम गोड्या पाण्याने आणि ताठ ब्रशने धुवावे, पुसून वाळवावे आणि एक रात्र तसेच ठेवावे. सकाळी सर्वत्र हलकी सारखी तांबूस छटा आली तर चिंता नाही, ती घासली की जाते. काही ठराविक ठिपके मात्र गर्द, ओलसर दिसले तर त्या खड्ड्यांत मीठ शिल्लक आहे. मग पुन्हा घासणे, पुन्हा धुणे. या कठड्याला असे तीन दिवस लागले. धुतलेले पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले तर क्लोराइड असताना पांढरा साका येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज करता येते, मात्र विहिरीच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असते, म्हणून न वापरलेल्या पाण्याशी तुलना करावी.

रंग, आणि तो केव्हा लावावा

आपल्याकडे लोखंडाचा रंग गणपतीच्या आधी होतो, कारण चाकरमानी येणार असतात आणि घर नवे दिसायला हवे असते. श्रावणातल्या हवेत ओलसर लोखंडावर लावलेला रंग भाद्रपदात छान दिसतो आणि फाल्गुनापर्यंत फुगतो. रंगासाठी हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा, निदान ३ अंश वर असावे लागते. कोकणात हे दोन्ही जमण्याचा काळ म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, आणि त्यातही सकाळचे दव उडून गेल्यापासून दुपारी तीनपर्यंत. गणपतीला फाटक गंजलेले दिसले तर दिसू द्यावे.

लाल प्रायमरबद्दल एक गैरसमज आहे. जुने कारागीर लोखंडाला जवसाच्या तेलातला शेंदूर लावत. शेंदूर हे शिशाचे संयुग असून ते विषारी आहे, पण गंजाला खरोखरच अडवते. आज बाजारात मिळणारे रेड ऑक्साइड प्रायमर दिसायला तसेच असले तरी त्यातला लाल रंग गेरूच्या जातीचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा आहे. ते फक्त झाकण घालते. हाताने साफ केलेल्या लोखंडावर इपॉक्सी मॅस्टिक या जाड थराच्या रंगाचे दोन हात आणि वर उन्हात टिकणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाचा एक हात द्यावा. फक्त इपॉक्सी ठेवले तर उन्हाने त्याची भुकटी होते. प्रत्येक हाताच्या आधी कडा, शिरा आणि सांधे लहान ब्रशने वेगळे रंगवून घ्यावेत. झिंकचे प्रमाण जास्त असलेला प्रायमर उत्तम असतो, पण तो पापुद्रा पूर्ण उतरवून खरखरीत केलेल्या उघड्या धातूवरच पकड घेतो. गंजाच्या डागांवर लावल्यास त्याचे पैसे वाया जातात.

नवे काम असेल तर माझा आग्रह गरम झिंकच्या हंड्यात बुडवून घेण्याचा, म्हणजे गॅल्व्हनायझिंगचा, असतो. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवल्यावर ६ मिलिमीटरपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसणे अपेक्षित असते. अतिशय खाऱ्या हवेत उघडे पोलाद वर्षाला ८० ते २०० मायक्रॉन झिजते, तर जस्त ४ ते ८ मायक्रॉन, यावरून फरक लक्षात यावा. यासाठी पोकळ कळ्या आणि पाइप यांना भोके ठेवणे बंधनकारक आहे, कारण बंद पोकळीतली हवा किंवा ओल त्या तापमानात स्फोट घडवते. एकदा जस्त चढले की तो भाग पुन्हा भट्टीत घालू नये. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.

वेलीवर पितळी फुले बसवण्याची मागणी अधूनमधून येते. खाऱ्या ओलाव्यात पितळ आणि लोखंड एकमेकांना चिकटून राहिले की पितळ सुरक्षित राहते आणि त्याच्याभोवतीचे लोखंड झपाट्याने जाते, म्हणून समुद्राजवळ मी हे काम घेत नाही. न गंजलेल्या दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरणही ऐकवले जाते, आणि दिल्लीची हवा कोरडी असे उत्तर दिले तर कर्नाटकात कोडचाद्रीवर भर पावसाच्या घाटात उभ्या असलेल्या लोहस्तंभाचे नाव निघते. ते लोखंड जुन्या पद्धतीने कोळशावर गाळलेले होते, दिल्लीच्या स्तंभात तर गंज रोखणारा फॉस्फरसही अधिक आहे, आणि आपल्या दुकानात मिळणारे सौम्य पोलाद तसे नाही. शिवाय त्या स्तंभांना ना पाने आहेत, ना देठ, ना पाणी अडवणारा सांधा.

त्या कठड्याची दुरुस्ती होऊन आता दोन पावसाळे गेले आहेत. ४६ पानांपैकी एकाच पानाला गंज आहे. ते पान पायरीजवळ आहे, काकू त्यात रोज सकाळी जास्वंदीचे फूल पाण्यात ठेवतात, आणि ते झुकवायला किंवा त्याला भोक पाडायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. त्याच्या आत मी दर दिवाळीनंतर इपॉक्सीचा एक हात देतो. फाटकाच्या कडीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही: अडसर जिथे आपटतो तिथे कोणताही रंग टिकत नाही, आणि तिथे आठवड्याला बोटभर ग्रीस लावण्यापलीकडे मला आजवर काही सापडलेले नाही.